पार्लरची भिंत

४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

परवा फोनवर तू नुसतं "बरं, बरं" करत होतीस, तेव्हाच ओळखलं की दादानं फोन स्पीकरवर टाकलाय. फोनवर आपण तिघं असतो, कधी कधी शेजारचेही. म्हणून हे पत्र. माझं अक्षर दादाला लागत नाही आणि लावून घ्यायचा त्याला कंटाळा, त्यामुळे इथे आपण दोघीच.

बातमी अशी की मला इथल्या मोठ्या गॅलरीनं बोलावलंय. प्रदर्शन आहे बायकांचं आणि बाहेरून आलेल्या कलाकारांचं. मी बाई आहे आणि बाहेरूनही आलेली आहे, म्हणजे एका माणसात त्यांची दोन कामं झाली. माझ्या स्टुडिओत एक लोहारीण आहे. खरंच लोखंड जोडते, तीही दुसऱ्या देशातून आलेली. ती म्हणाली, "आपल्याला नेहमी एकाच खोलीत टांगतात, आणि ती खोली नेहमी संडासाशेजारची असते." पण या वेळी मला मधली खोली दिलीय. मी जाऊन बघून आले.

मी नक्की करते काय, असं तू मागे विचारलं होतंस आणि दादानं मधेच "ती भिंती रंगवते" असं सांगून टाकलं होतं. तेही खरंच आहे. दिवसा मी रंगाऱ्यांच्या टोळीत असते, भिंती खरवडते, भेगांत लांबी भरते. उरलेल्या वेळात त्याच भिंतींची सालं काढते. भिंतीवर गरम सरस लावायचा, त्यावर सुती कापड बसवायचं, कडकडीत वाळू द्यायचं आणि ओढायचं. भिंतीवरचा रंग, डाग, ओल, खिळ्यांच्या खुणा, सगळं कापडाला चिकटून येतं. मग त्या निघालेल्या रंगाची पाठ दुसऱ्या जाड कापडावर पक्की बसवायची आणि पुढचं कापड गरम पाण्यानं सोडवून टाकायचं. उरते ती भिंत, घराशिवाय उभी असलेली. माझ्यासारख्या बायका ज्या भाड्याच्या खोल्यांत राहून गेल्या, त्यांच्या भिंती मी अशा काढल्या आहेत.

तर प्रदर्शन मांडणाऱ्या क्युरेटरबाई आल्या, सगळं मन लावून बघितलं आणि म्हणाल्या, "पण यात तुमचं घर कुठंय?" मी म्हटलं, हे काय, या खोलीत मी तीन हिवाळे काढलेत. "नाही नाही, मूळ घर." त्यांना माझी हुरहूर हवी आहे गं. मी घरातून निघाले तेव्हा फाटकात उभी राहून दात काढत होते, हे तू पाहिलंयस. पण मधली खोली हातची जाईल म्हणून मी म्हणून बसले, "आईच्या स्वयंपाकघराची भिंत आणते." त्यांनी लगेच लिहूनही घेतलं.

मला तिकडे येता येत नाही. माझा राहण्याचा परवाना नवा व्हायचाय, तोवर देश सोडला तर परत घेतील याची खात्री नाही. म्हणून हे काम तुझ्या गळ्यात टाकते आहे. कसं करायचं ते शेवटच्या पानावर सविस्तर लिहिलंय. करशील ना?

तुझी,
चिंगी


२१ फेब्रुवारी

प्रिय चिंगी,

तुझं पत्र वाचून मी आधी पोट धरून हसले. आईंच्या स्वयंपाकघराला तुझ्या दादांनी मागच्या वर्षी खालपासून वरपर्यंत टाइल्स बसवल्या. फिक्या गुलाबी, वर बदकं. गॅलरीला बदकं चालत असतील तर सांग, छिन्नी घेऊन बसते.

तरी तू लिहिलेलं सगळं दोनदा वाचलं आणि वाचता वाचता हात शिवशिवायला लागले. गरम करून लावायचं, वर कापड दाबायचं, ओढायचं. अगं, हे तर मी दिवसभर करते! कोणाचे हात, कोणाचे पाय. तू भिंतींचं वॅक्सिंग करतेस आणि तुला गॅलरीत बोलावतात. मी बायकांचं करते तर तुझे दादा पाहुण्यांना सांगतात, "हिचा आपला वेळ जातो."

म्हणून न्हाणीघराच्या कोपऱ्यावर करून पाहिलं. पहिल्यांदा फसलं, सरस ओला राहिला होता. दुसऱ्यांदा तू लिहिलंस तसं हळूहळू सोडवत गेले तर सगळे तुकडे झाले. तिसऱ्यांदा माझ्या पद्धतीनं केलं. एका हातानं भिंत दाबून धरली आणि एका हिसक्यात ओढलं. हातभर रंग अखंड आला, खाली आधीचा पोपटी रंग दिसला. मला इतका आनंद झाला की तसाच ओला हात घेऊन मी दादांना दाखवायला गेले. ते म्हणाले, "आता हा कोपरा रंगवणार कोण?"

आता मुद्द्याचं. आईंची भिंत नाही. पण माझ्या पार्लरची भिंत आहे, आरशासमोरची, जिथे बायका बाकावर बसून नंबर यायची वाट बघतात. यंदा तिला रंग द्यायचाच आहे. मला ती काढायची आहे. तुला हवी का, ते कळव. नको असेल तरी मी काढणारच आहे.

तुझी,
वहिनी


८ मार्च

वहिनी,

घाईत लिहिते. हो, हो, हवी! घरातलीच भिंत आहे ना, मग झालं. गॅलरीला मी काहीतरी सांगेन. फक्त लवकर पाठव, आणि गुंडाळताना रंग आतल्या बाजूला घे, मधे बटर पेपर घाल. चुरगळू नकोस.

हिसका मारायचं तुझं मी इथे करून पाहिलं. दोन वर्षं मी उगाच हळूहळू करत होते. लोहारीण म्हणते, तुझ्या वहिनीला इकडेच बोलाव.

चिंगी


२९ मार्च

प्रिय चिंगी,

काढली. सकाळी पार्लर बंदचा बोर्ड लावला, कामाला असलेल्या पोरीला मदतीला घेतलं आणि दुपारपर्यंत ओढून मोकळी झाले. एकच अखंड आलीय. पोरगी टाळ्या वाजवत होती आणि मी चक्क रडत होते.

ही भिंत तुला नीट कळावी म्हणून लिहिते. बाकाच्या वर ओळीनं काळपट गोल दिसतील. ती डोकी आहेत. इतकी वर्षं बायका तिथे बसून मागे डोकं टेकतात, त्यांच्या केसांचं तेल, रंग, पावडर सगळं भिंतीत मुरलंय. सगळ्यात उंच डाग बँकेतल्या बाईंचा. त्या बसल्या बसल्या झोपतात. तांबूस आहे तो शाळेतल्या हेडबाईंचा, केस रंगवून झाले की वाळेपर्यंत त्यांना धीर नसायचा. खाली डावीकडे एक ठसा आहे, छोटा पण खोल. ती एक आजारी मुलगी होती, औषधानं केस जायला लागले तेव्हा स्वतःहून आली, म्हणाली उरलेले काढून टाका. तिचा नंबर आला तरी ती उठेना, भिंतीला डोकं घट्ट लावून बसली होती. मीही घाई केली नाही. ती आता बरी आहे, परवा भुवया करून गेली.

माझा डाग शोधू नकोस. मी या खोलीत कधी बसलेच नाही, कायम उभी.

आणि तुला माहीत आहे की ही खोली मला आईंनी दिली नव्हती. "आपल्या घरात परक्या बायकांचे केस पडणार नाहीत" असं म्हणाल्या होत्या. तू तेव्हा माझ्या बाजूनं भांडली होतीस, जेवणाचं ताट ढकलून. त्या सहा महिने माझ्याशी बोलल्या नाहीत आणि मी त्याच सहा महिन्यांत हे बाक आणि हा आरसा आणला. गेल्या त्या, त्यांच्याबद्दल वाईट बोलत नाही. पण ही भिंत मी भांडून मिळवली आहे.

म्हणून कापडाच्या कोपऱ्यात मी माझं नाव लिहिलंय. आयब्रो पेन्सिलनं, हाताशी तीच होती. चांगली आहे, घामानं जात नाही, पाण्यानंही जात नाही.

जपून ने तिला.

तुझी,
वहिनी


२० मे

प्रिय वहिनी,

उशीर झाला, रागावू नकोस. भिंत सुखरूप मिळाली. जाड कापडावर बसवली, पुढचं कापड सोडवलं, आणि ती समोर उभी राहिली. लोहारीण म्हणाली, "या बायका आत्ताच उठून गेल्यात."

प्रदर्शन उघडलं. गर्दी बरी होती. मी तुझी ती राखाडी शाल घेतली होती आणि बूट चावत होते. मधल्या खोलीत समोरच तुझी भिंत आहे, लोक तिच्यापुढे थांबतात. पेपरात फोटो आला. एका संग्रहालयाची माणसं दोनदा येऊन गेली. क्युरेटरबाई खूश आहेत. खायला छोटे छोटे तुकडे होते, काड्यांना टोचलेले. मला भूक लागली होती, पण हात पुढे करायला लाज वाटली.

दादाला सांग, त्याची बहीण पेपरात आली. पार्लर कसं चाललंय? नव्या रंगाचा काय विचार आहे? इकडे उन्हाळा लागला. कामावर फार धूळ आहे, खोकला जात नाही.

तुझी,
चिंगी


९ जून

ती. वन्संना सा. न. वि. वि.

आपलं पत्र पावलं. शालीचं, बुटांचं आणि काड्यांना टोचलेल्या तुकड्यांचं समजलं. खोकल्याला औषध घ्यावं.

आपण लिहायचं विसरलात ते आपल्या बंधूंनी मोबाइलवर शोधून काढलं. गॅलरीनं भिंतीचा फोटो टाकला आहे आणि खाली मजकूर आहे. तो मोबाइलनंच मराठी करून दाखवला, मोडकातोडका, पण मला पुरला. "कलाकाराच्या आईच्या स्वयंपाकघराची भिंत. चुलीच्या धुरानं पडलेले डाग. सोडून आलेल्या घराची आणि हरवलेल्या आईची आठवण." खाली आपलं नाव.

आपले बंधू वाचताना हळवे झाले. डोळे पुसून म्हणाले, "आई जगभर पोचली." मी म्हटलं, "अहो, तो हेडबाईंच्या केसांचा रंग आहे." ते म्हणाले, "असू दे, भावना महत्त्वाची." तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलत नाही. पार्लरमध्येही सगळ्यांना कळलंय. बँकेतल्या बाईंनी विचारलं, "माझं डोकं म्हणजे चुलीचा धूर का हो?" मी काय उत्तर देऊ, ते आपणच सांगा.

माझ्याकडे दोन खुर्च्या आहेत. एकीवर मी, एकीवर ती पोरगी. ती अजून शिकते आहे, कधी कधी फक्त केस धुऊन देते. तरी तिच्या खुर्चीवर तिचं नाव आहे. गिऱ्हाइकानं जाताना ज्याचं काम त्याचं नाव घेऊन कौतुक करावं, असा माझ्याकडे रिवाज आहे. आपल्या गॅलरीत तेवढंही नसावं याचं नवल वाटलं.

त्या भिंतीवर माझं डोकं कुठेच नव्हतं. नाव तेवढं होतं, कापडावर, आणि ते कापड आपण सोडवून टाकलंत.

सोबत एक आयब्रो पेन्सिल पाठवते आहे. नवी आहे, टोक केलेली. कुठे काय लिहायचं ते आपणांस कळेल.

आपली,
वहिनी


२६ जून

वहिनी,

तू मला वन्सं म्हणालीस. आयुष्यात पहिल्यांदा. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं.

मजकूर मी लिहिला नाही. त्यांनी आधीच छापला होता, माझ्या त्या फेब्रुवारीतल्या बोलण्यावरून. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी क्युरेटरबाईंना सांगितलं की हे पार्लर आहे, माझ्या वहिनीचं आहे आणि तिनं स्वतः काढलंय. त्या म्हणाल्या, "किती सुंदर. म्हणजे घरातलीच ना?" मी नाव बदलायला सांगितलं तर म्हणाल्या, "आडनाव तर एकच आहे." आणि मग, वहिनी, मी गप्प बसले.

का गप्प बसले तेही सांगते. ते संग्रहालय ही भिंत विकत घेणार आहे. माझा परवाना कलाकार म्हणून आहे. तो नवा करताना मला दाखवावं लागतं की मी खरोखर कलाकार आहे आणि या देशाला माझी गरज आहे. नुसती लांबी भरणारी बाई त्यांच्याकडे ढिगानं आहे. संग्रहालयानं घेतलं असं लिहून मिळालं की मला पुढची पाच वर्षं कोणी हलवू शकत नाही. आता मी म्हटलं की मधल्या खोलीतली सगळ्यात चांगली भिंत माझी नाहीच, तर काय होईल ते तूच सांग. आणि चिकटवणं, धुणं मी केलं होतं, तेही काही सोपं नसतं.

तुझं ते कापड मी फेकलेलं नाही. धुऊन स्टुडिओत दोरीवर टाकलंय. तुझं नाव खरंच पाण्यानं गेलं नाही. रोज मी दार उघडते तेव्हा आधी तेच दिसतं.

तू मोठी आहेस. समजून घेशील ना?

चिंगी


१४ जुलै

चिंगे,

नाही घेणार समजून.

वन्सं लिहून मला समाधान मिळालं नाही, म्हणून परत चिंगी म्हणते. पण मोठ्या मनाची वहिनी हवी असेल तर दुसरी बघ. माझं मन माझ्यापुरतं आहे. आईंनी मला "समजून घे" म्हणून सांगितलं, तुझे दादा रोज सांगतात, आता तू परदेशातून तिकीट लावून तेच पाठवलंस. समजून घेऊन घेऊन मी या घरात खांबासारखी झाले, आणि मग तीच माणसं म्हणतात, ही बघा कशी खंबीर. मला नको ते कौतुक.

आता नीट ऐक. तुझा परवाना जावा असं मला वाटत नाही. तू परत आलीस तर मला रडू येईल, आनंदानं नाही. फाटकात तू हसत होतीस ना, तेव्हा मी मनात म्हटलं होतं की या घरातून एक तरी बाई हसत बाहेर पडली. तुला तिथे राहायचंय, तर तू तिथेच राहायला हवीस. आणि माझ्या भिंतीवर माझं नावही हवं. मला दोन्ही हवंय. यातलं एक निवडा असं आपल्याला कोण सांगतंय? त्या बाईंना विचार, त्यांना कधी कोणी असं सांगितलं होतं का. आपल्याकडे एवढुसा तुकडा टाकायचा आणि मग बघत बसायचं, दोघींत कोण उचलते. मी नाही वाकणार, आणि तूही वाकू नकोस.

चिकटवणं, धुणं सोपं नसतं, हे मला मान्य. मग तेही लिही. तुझंही नाव लिही. माझ्या खाली लिही.

तुझे ते लोक तुझ्याकडे येतात ते तुला रडताना बघायला. तू कधी रडूबाई नव्हतीस. लहान असताना ताट ढकलून माझ्यासाठी भांडलीस, आणि आता भाकरी त्यांच्या हातात आहे म्हणून गप्प? त्यांना सांग, मी घर सोडून आले आणि मला बरं वाटलं. सांगून तर बघ एकदा. बघ त्यांच्या तोंडाकडे.

वहिनी

ता.क. मोठा तुकडा ओढताना श्वास आत घेऊ नकोस, सोड. मी गिऱ्हाइकाला सांगते तेच तुला सांगते.


१० ऑगस्ट

प्रिय वहिनी,

बस, हातात चहा घे, दार लाव, मग वाच.

प्रदर्शन संपता संपता गॅलरी कलाकारांना लोकांपुढे बोलायला लावते. काल माझी पाळी होती. मधली खोली भरलेली, संग्रहालयाची माणसं पहिल्या रांगेत, क्युरेटरबाई माइक हातात घेऊन. माझ्या पिशवीत एक छोटी इलेक्ट्रिक शेगडी, वॅक्सचा डबा, लाकडी पट्टी आणि मांजरपाटाच्या पट्ट्या. लोहारणीनं दारातच शेगडीचा प्लग लावून दिला आणि तिथेच ठाण मांडून उभी राहिली. ती उभी राहिली की कोणाची आत यायची टाप नसते.

क्युरेटरबाईंनी नेहमीचंच सुरू केलं, घर, आठवण, आई. मग मला विचारलं, "ही भिंत बघताना तुमच्या मनात काय येतं?" मी म्हटलं, "राग येतो." थोडे लोक हसले, त्यांना वाटलं भाषा कच्ची आहे. मग मी म्हटलं, "मी घर सोडलं आणि मला बरं वाटलं. अजून वाटतं." आता कोणी हसलं नाही. तू म्हणालीस तसं मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. वाढदिवसाला बोलावून केकच दिला नाही, असे चेहरे होते.

तो मजकूर काळ्या चिकट अक्षरांत थेट गॅलरीच्या भिंतीवर लावलेला आहे, प्रत्येक अक्षर सुटं. वॅक्स तोवर पातळ झालं होतं. मी लाकडी पट्टीनं ते पहिल्या ओळीवर पसरलं. "आईच्या स्वयंपाकघराची भिंत." वर मांजरपाटाची पट्टी दाबली. क्युरेटरबाई माइकमध्येच म्हणाल्या, "हे काय चाललंय?" मी म्हटलं, "ही माझ्या वहिनीची पद्धत आहे." एका हातानं भिंत धरली, श्वास सोडला आणि ओढलं.

वहिनी, असा आवाज झाला म्हणून सांगू! पुढच्या रांगेतल्या एका बाईनं आपली पोटरी धरली. अक्षरं सगळी पट्टीवर, वर त्यांच्या पांढऱ्याशुभ्र रंगाचे पापुद्रे. मग दुसरी ओळ, चुलीचा धूर. मग हरवलेली आई. शेवटी माझं नाव. तेही ओढलं, आणि खरं सांगते, तेव्हाच सगळ्यात बरं वाटलं.

मग तुझी पेन्सिल काढली. पापुद्रे निघालेल्या जागी खडबडीत झालं होतं, तरी लिहिता आलं. "पार्लरची भिंत." खाली तुझं नाव. त्याच्याखाली "चिकटवली आणि धुतली," आणि माझं. अक्षर दादाला अजिबात लागलं नसतं. मग मी वळले आणि कुठला डाग कोणाचा ते सगळ्यांना सांगितलं. बँकेतल्या बाईंना म्हणावं, त्यांच्या उंचीचं कौतुक झालं. त्या आजारी मुलीचंही सांगितलं, पण मी रडले नाही. रडले असते तर ते खूश झाले असते.

आता नंतरचं. क्युरेटरबाईंनी भिंत खराब केल्याबद्दल मला लेखी सुनावलंय. मी त्यांना कळवलं की भिंत मीच नीट करून देते, तो माझा दिवसाचा धंदा आहे. संग्रहालयाच्या माणसांनी हात वर केलेत, "नव्यानं विचार करावा लागेल" म्हणाले. त्यातली एक म्हातारी मात्र मागे थांबली आणि तुझा पत्ता मागून घेतला. का, ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. परवान्याची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. विचारतील, मधल्या खोलीतलं तुमचं काम कुठलं? मी सांगणार, जे ओढून काढलं ते. कपाळमोक्ष झाला तर होऊ दे, पण या वेळी मी हुरहूर घेऊन जाणार नाही. मला इथे राहायचंय, कारण मला इथे राहायचंय. एवढं त्यांना पुरायला हवं. पुरलं नाही तर भांडेन.

पट्ट्या फेकून द्यायचा जीव झाला नाही. या पाकिटात घालते आहे. तुझ्याच पद्धतीनं निघाल्यात, तुझ्याकडेच राहू देत.

तुला मी मोठी आहेस म्हणाले होते ते मागे घेते. तू आपली आहेस तशी राहा.

तुझी,
चिंगी


२ सप्टेंबर

प्रिय चिंगी,

पाकीट पोचलं. पट्ट्या एकमेकींना चिकटल्या होत्या. पोरीनं आणि मी पावडर लावून सोडवल्या.

तुझं पत्र मी पार्लरमध्ये मोठ्यानं वाचलं, दोनदा. दुसऱ्यांदा बँकेतल्या बाईंसाठी, पहिल्या वेळी त्या झोपल्या होत्या. पोटरी धरणाऱ्या बाईपाशी सगळ्या इतक्या हसल्या की तुझे दादा आतून बघायला आले. मी त्यांनाही वाचून दाखवलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आई नाहीच यात?" मी म्हटलं, नाही. "बरं," म्हणाले आणि त्या बाकावर बसले. पहिल्यांदाच बसले. मागे डोकं टेकणार होते, मी म्हटलं, थांबा, रंग ओला आहे.

भिंतीला मी पांढरा रंग दिला. वाट बघते आहे पुन्हा कशी काळी होते त्याची. त्यावर तुझ्या पट्ट्या लावल्या, तू जशा ओढल्यास त्याच क्रमानं. पाठीमागून अक्षरं उलटी दिसतात, काही म्हणता काही लागत नाही. पण समोर माझा आरसा आहे. खुर्चीत बसलेल्या बाईला आरशात ती सरळ दिसतात. भाषा परकी, म्हणून जी ती विचारते, "हे काय हो लिहिलंय?"

मुलाखतीचं कळव. नाही म्हणाले तर पुन्हा अर्ज कर, पुन्हा नाही म्हणाले तर पुन्हा. इकडे माझ्याकडे तिसऱ्या खुर्चीला जागा आहे, पण मी तुला ये म्हणणार नाही. तू तिथे राहा. त्या म्हातारीचं पत्र आलंय, तिला आणखी भिंती बघायच्या आहेत. मी तिला लिहिलंय की माझ्या भिंती माझ्या नावानं येतील, जमत असेल तर बोला.

आणि हो, आता मीही अधूनमधून त्या बाकावर बसते. गिऱ्हाईक आलं तरी लगेच उठत नाही.

काल एक नवी नवरी आली होती, पहिल्यांदाच. आरशात बघून तिनंही तेच विचारलं, काय लिहिलंय. मी म्हटलं, "माझ्या भिंतीवर दुसऱ्यांनी लिहिलेलं आहे. माझ्या नणंदेनं ओढून काढलं." ती मागे वळून पट्ट्यांकडे बघायला लागली. मी तिची हनुवटी धरून पुढे केली आणि म्हटलं, "मान वर."

तुझी,
वहिनी